डिस्चार्ज झाला का?



मागच्या भागात शेवटी म्हटलं होतं की पुढच्या वेळी स्वयंपाकघरातले इंग्रजी शब्द घेऊ. ते घेऊच, पण एक भाग पुढे ढकलते. कारण मधल्या काळात आमच्या घरी एका साध्या इंग्रजी शब्दाने असा काही घोळ घातला, की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला वाटाणे आणि वाफेकडे वळता येणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे, आम्ही चंदीगडला राहतो आणि माझ्या सासूबाई कराडला. दिवाळी झाली की त्या दोन-तीन महिन्यांसाठी इकडे येतात. या वेळी आल्या आणि आठवड्याभरात पोट धरून बसल्या. पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोटावर चार छोटी भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. सगळं कसं अगदी वेळापत्रकासारखं.

घरी आल्यावर दोन दिवसांनी हॉस्पिटलमधून चौकशीचा फोन आला. मी शेजारीच मटार सोलत बसले होते. फोन स्पीकरवर होता. सिस्टर फार गोड बोलत होत्या. "माताजी, बुखार नहीं है ना? खाना ठीक से खा रही हैं? और कोई डिस्चार्ज तो नहीं?"

सासूबाई म्हणाल्या, "डिस्चार्ज तो हो गया ना, मंगलवार को!"

"मंगलवार को हुआ था? अब तो नहीं है?"

"अब कैसे होगा? अब तो मैं घर में हूँ."

"अच्छा अच्छा, बढ़िया," असं म्हणून सिस्टरांनी फोन ठेवला. सासूबाईंनीही समाधानाने चष्मा काढला. "बघ, किती काळजीने विचारतात," मला म्हणाल्या. मीही मान डोलावली आणि मटार सोलत राहिले.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या अंगात ताप भरला. कपडे बदलायला मदत करताना बघितलं, तर गाऊनवर बेंबीजवळ रुपयाएवढा पिवळा डाग. "आई, हे कधीपासून?" तर म्हणाल्या, "अगं, बुधवारपासून जरा ओल सुटतेय. जखम आहे, सुकेल की." तसंच रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी जखम दाबली तर पू आला. मग तपासणीला नमुना, अँटिबायोटिक आणि पुढे अकरा दिवस रोजचं ड्रेसिंग. डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "फोन पर तो आपने बताया था, डिस्चार्ज नहीं है."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी सिस्टरांकडे, सिस्टर डॉक्टरांकडे. तेव्हा कुठे उलगडा झाला. सिस्टर विचारत होत्या जखमेतून काही स्राव येतोय का. सासूबाई उत्तर देत होत्या हॉस्पिटलमधून सुट्टी कधी मिळाली त्याचं. दोघींची वाक्यं एकमेकींना इतकी चपखल बसली की कोणालाच संशय आला नाही. आणि मी, गेली कित्येक वर्षं लोकांना इंग्रजी शब्द समजावून सांगणारी, शेजारी बसून मटार सोलत होते!

आता सासूबाई बऱ्या आहेत, कुरकुरीत भजी मागतायत आणि मिळत नाहीत म्हणून चिडतायत. पण त्या आठवड्यात मला चांगलाच धसका बसला होता. शब्द न कळणं एक वेळ परवडतं, माणूस निदान विचारतो तरी. शब्द कळलाय असं वाटणं आणि तो भलताच कळलेला असणं, हे जास्त वाईट. तेव्हा आज या 'डिस्चार्ज'ची उलटतपासणी.

शब्दाचे दोन तुकडे करा: डिस आणि चार्ज. यातला 'चार्ज' फार जुना. तो लॅटिनमधल्या गाडीच्या, छकड्याच्या शब्दावरून आला. मूळ अर्थ होता गाडीत माल भरणं, ओझं लादणं. 'कार' आणि 'कार्गो' ही त्याचीच भावंडं. म्हणजे चार्ज म्हणजे भार. आता तुम्ही रोज बोलता ते मराठी आठवा. मोबाइल चार्जिंगला लाव: बॅटरीत वीज भरली. डिलिव्हरीचा वेगळा चार्ज पडेल: तुमच्यावर पैशाचा भार टाकला. नव्या तहसीलदारांनी चार्ज घेतला: जबाबदारीचा भार. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली: आरोपाचा भार. राहिला लाठीचार्ज. तिथे चार्ज म्हणजे तुटून पडणं, धावून जाणं. पण पाठीवर काय पडतं ते बघितलं तर तोही भारच! यातला एकही शब्द तुम्हाला नवीन नाही. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणणारी माणसं या एका शब्दाचे पाच अर्थ बिनचूक वापरत असतात.

'डिस्चार्ज' म्हणजे याच्या उलट: भार उतरवणं, मोकळं करणं. पेशंटला मोकळं केलं, डिस्चार्ज. जखमेने आतलं बाहेर टाकलं, डिस्चार्ज. बॅटरी रिकामी झाली, डिस्चार्ज. कोयना धरणाचे दरवाजे उचलून नदीत पाणी सोडतात, मराठी पेपरात त्याला विसर्ग म्हणतात, इंग्रजी पेपरात डिस्चार्ज. कोर्टाने पुरावा नाही म्हणून खटला चालवण्याआधीच आरोपीला आरोपमुक्त केलं, तोही डिस्चार्जच. बंदूक झाडली तरी डिस्चार्ज आणि कर्तव्य पार पाडलं तरी डिस्चार्ज. सासूबाईंना कोयनेचं उदाहरण दिलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे मी आणि माझा पू, दोघंही आतून बाहेर सुटलो." व्याख्या याहून चांगली मला करता आली नसती.

हॉस्पिटलात असे शब्द जागोजागी पेरलेले असतात. पहिल्या दिवशी त्यांना विचारलं होतं, "क्या कम्प्लेंट है?" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "नाही हो, कम्प्लेंट काही नाही, सगळे चांगलं वागतात." कम्प्लेंट म्हणजे तक्रार, आणि दवाखान्यात कम्प्लेंट म्हणजे दुखणं. आपल्या मराठीतही आहे की हे. 'पोटाच्या तक्रारी' असं औषधाच्या जाहिरातीत वाचतोच आपण. पण आयत्या वेळी सुचत नाही. 'स्टूल टेस्ट' म्हटल्यावर स्वयंपाकघरातलं चढायचं स्टूल डोळ्यांपुढे येतं. त्यात आपली चूक नाही, शब्द एकच आहे. जुन्या काळी युरोपात खुर्चीसारख्या बैठकीखाली भांडं ठेवून शौचाला बसत, तेव्हा बैठकीचं नाव हळूहळू त्या क्रियेला आणि मग शौचालाच चिकटलं. ऑपरेशन थिएटरला थिएटर का म्हणतात? कारण पूर्वी शस्त्रक्रिया बघायला विद्यार्थी पायऱ्यापायऱ्यांच्या गॅलरीत बसायचे, नाटक बघावं तसे. आणि 'पेशंट' म्हणजे मुळात सोसणारा. धीर धरणाऱ्यालाही तोच शब्द आहे, आणि रांगेत तास-दीड तास बसलं की दोन्ही अर्थ एकाच खुर्चीत बसलेले दिसतात.

सगळ्यात फसवा शब्द 'पॉझिटिव्ह'. पुस्तकांत, भाषणांत, व्हॉट्सअॅपवर आपल्याला कायम सांगतात, पॉझिटिव्ह राहा. मग रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हटल्यावर आनंद का नाही व्हायचा? २०२० साली करोनाने सगळ्या देशाला या शब्दाचा दुसरा अर्थ शिकवला: जे शोधत होते ते सापडलं. चांगलं की वाईट, ते काय शोधत होते त्यावर ठरतं. लग्नानंतर मूल व्हावं म्हणून वाट बघणाऱ्या घरात पॉझिटिव्हवर पेढे वाटतात आणि गाठीच्या तपासणीत निगेटिव्ह आलं की देवापुढे दिवा लावतात.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण एक गोष्ट सांगते, ती गमतीची नाही. १९८० साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात आणलं. घरचे क्यूबाकडचे, स्पॅनिश बोलणारे. ते म्हणाले, मुलगा 'इंतोक्सिकादो' आहे. त्यांच्या बोलीत याचा अर्थ खाण्यापिण्यातलं काहीतरी बाधलं. ऐकणाऱ्यांना तो इंग्रजीतला 'इन्टॉक्सिकेटेड' वाटला, म्हणजे नशेत असलेला. दोन दिवस त्याच्यावर नशेचे, जास्त औषधं घेतल्याचे उपचार झाले. खरं कारण होतं मेंदूतला रक्तस्राव. तो जगला, पण चारही हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरली. आमच्याकडे अकरा दिवसांच्या ड्रेसिंगवर भागलं.

ड्रेसिंग म्हटलं की सॅलडवरचं ड्रेसिंग आठवणारी आमची कन्या आहे, पण तिला सध्या बाजूला ठेवू.

तिसऱ्या मजल्यावरच्या आंटीजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच सुमारास झालं. त्या सासूबाईंना भेटायला आल्या, डोळ्यावर काळा चष्मा. दोघींची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, पाव पंजाबी, पाव हातवारे. आंटीजी सांगत होत्या की डॉक्टरांनी थेंब घालून 'प्यूपिल' मोठं केलं. सासूबाईंना प्यूपिल म्हणजे विद्यार्थी एवढंच माहीत. त्या जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या आहेत. "डोळ्यात कसला विद्यार्थी?" आंटीजी म्हणाल्या, "पुतली जी, पुतली!" आणि सासूबाई एकदम, "अगं बाई, बाहुली!"

थांबा, इथे जरा थांबा. मराठीत डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतात. हिंदी-पंजाबीत पुतली, तीही बाहुलीच, कठपुतलीतली. आणि इंग्रजी 'प्यूपिल' ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थही छोटी बाहुली! समोरच्याच्या डोळ्यात जवळून बघितलं की आपलंच इवलंसं चित्र दिसतं, ती ती बाहुली. कुठे रोम, कुठे कराड, कुठे पंजाब. सगळ्यांनी डोळ्यांत डोळे घालून बघितलं आणि सगळ्यांना एकच दिसलं. शाळेतला प्यूपिल हाही त्याच घराण्यातला: लहान पोर या अर्थाच्या शब्दावरून, आधी अनाथ मूल आणि मग शिकवायला हाताखाली घेतलेलं मूल.

शरीराच्या अवयवांची इंग्रजी नावं म्हणजे या खेळाचं मोठं मैदान आहे. नेल म्हणजे नख आणि खिळा, चेस्ट म्हणजे छाती आणि पेटी, काफ म्हणजे पोटरी आणि वासरू, टेम्पल म्हणजे कानशील आणि देऊळ. सासूबाईंच्या कागदावर कधी 'पेन इन टेम्पल' लिहून आलं नाही हे नशीब. यातले सगळेच एका मुळाचे नाहीत बरं का. देवळाचं टेम्पल आणि कानशिलाचं टेम्पल हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगाने आज एकसारखे दिसतात. आडनावबंधू असावेत तसे. काफचंही तेच. पण 'पाम' म्हणजे तळहात आणि पाम म्हणजे ताडाचं झाड, हे मात्र सख्खे. ताडाचं पान पसरलेल्या पंजासारखं दिसतं, म्हणून झाडाला तळहाताचं नाव.

पसरलेल्या पंजावरून आमच्या गावाकडे येऊ. चंदीगडची खूणच मुळी उघडा तळहात, 'ओपन हँड'. २६ मीटर उंचीचा पत्र्याचा हात, वाऱ्यावर फिरतो. ल कॉर्ब्यूझिए या वास्तुकाराच्या मनातली ही कल्पना. प्रत्यक्ष उभा राहिला १९८५ साली, तो गेल्यावर वीस वर्षांनी. ड्रेसिंग संपलं तेव्हा सासूबाईंना हवापालट म्हणून तिकडे घेऊन गेलो, आणि रस्त्याभर आमची शिकवणी चालू होती.

सुरुवात रिक्षातच झाली. चंदीगडमध्ये सिग्नलला 'लाइट पॉइंट' म्हणतात. रिक्षावाल्याने विचारलं, "लाइट पॉइंट से राइट?" सासूबाईंना वाटलं तो 'बरोबर ना?' असं विचारतोय. "राइट, राइट!" त्यांनी पुढे वाकून सांगितलं. आम्हाला सरळ जायचं होतं. पुढच्या गोलातून वळून परत यावं लागलं. राइट म्हणजे उजवा, राइट म्हणजे बरोबर आणि राइट म्हणजे हक्क. पण आपल्याकडेही उजवा हात शुभकार्याचा आणि 'उजवा' म्हणजे सरसही, तेव्हा इंग्रजांना हसायचं कारण नाही. डावं-उजवं करायची खोड सगळ्या जगाला आहे.

हे शहर सेक्टरांचं. ल कॉर्ब्यूझिएने ८०० मीटर बाय १२०० मीटरचे चौकोन आखले आणि त्यांना नंबर दिले; मूळ आराखड्यात १३ नंबर गाळला, कारण युरोपात तो अशुभ. 'सेक्टर'चं मूळ कापणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. सेक्शन त्यातलाच. म्हणून वर्तुळाचा कापलेला तुकडा, ज्याला आपल्या गणिताच्या पुस्तकात वर्तुळपाकळी म्हणतात, तो सेक्टर. अर्थव्यवस्थेचे तुकडे, पब्लिक सेक्टर आणि प्रायव्हेट सेक्टर. सासूबाईंनी विचारलं, "तुमचा सेक्टर पब्लिक की प्रायव्हेट?" उत्तर अजून शोधतेय.

सेक्टर एकमध्ये सरकारी इमारतींचा समूह आहे, विधानसभा, सचिवालय, हायकोर्ट. २०१६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. नाव 'कॅपिटॉल कॉम्प्लेक्स'. स्पेलिंगमध्ये शेवटून दुसरं अक्षर ओ. पाट्यांवर, बातम्यांत, निमंत्रणपत्रिकांवर तिथे ए लिहिलेला मी इतक्यांदा बघितलाय की आता मोजत नाही. ओ असेल तर कायदेमंडळाची वास्तू, रोममधल्या एका टेकडीच्या नावावरून. ए असेल तर कॅपिटल, ज्याचं मूळ 'डोकं'. राजधानी म्हणजे राज्याचं डोकं. कॅपिटल लेटर म्हणजे वाक्याच्या डोक्याशी येणारं मोठं अक्षर. खांबाच्या माथ्यालाही कॅपिटल म्हणतात, सारनाथचे सिंह अशाच माथ्यावर आहेत. आणि कॅपिटल पनिशमेंट म्हणजे जिथे डोकंच जातं. भांडवल हा अर्थ मुद्दल, मुख्य रक्कम यावरून. १९६६ पासून चंदीगड पंजाब आणि हरियाणा या दोघांचीही राजधानी आहे. एका धडाला दोन डोकी असतात, इथे दोन धडांना एक डोकं आहे.

हायकोर्टाकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कोल्हापूरला आता सर्किट बेंच झालं." खरंच आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सातारा जिल्हा त्याच्याखाली येतो, त्यामुळे कराडकरांना मुंबईचा हेलपाटा वाचला. आता बघा, 'सर्किट' म्हणजे आपल्याला विजेचं माहीत, शॉर्टसर्किट माहीत आणि मुन्नाभाईचा सर्किट माहीत. मूळ अर्थ फेरी, वळसा. इंग्लंडात न्यायाधीश घोड्यावरून गावोगाव फेरी करून न्याय द्यायचे, ती सर्किट. वीजही तारेतून फेरी पूर्ण करते तेव्हाच दिवा लागतो. आणि 'बेंच' म्हणजे बाक, त्यावर बसणारे न्यायाधीशही बेंच. पूर्वी इटलीत सावकार बाकावर पैसे मांडून बसायचे, त्या बाकाला 'बांका' म्हणत, त्यावरून 'बँक' आली. आपला 'बाक' आला पोर्तुगीजांकडून. म्हणजे शाळेतला बाक, कोर्टातलं बेंच आणि कोपऱ्यावरची बँक ही तीन चुलत भावंडं, वेगवेगळ्या वाटांनी एकाच घरात येऊन राहिलेली. यातलं मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते हे. परीक्षेत विचारणार नाही कोणी.

इथवर वाचून कोणी म्हणेल, इंग्रजी फार विचित्र भाषा आहे बुवा, एका शब्दाचे किती अर्थ! ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. पण जरा आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. मुलाला नोकरी लागते, निकाल लागतो, कोर्टात तारीख लागते. दिवा लागतो, आग लागते, दार लागतं. वाटेत पूल लागतो, चहाला साखर लागते, आंबा गोड लागतो. पोर रडायला लागतं आणि तो माझा मामा लागतो. एखाद्याचं लागट बोलणं मनाला लागतं. 'गाडी लागली' याचे तर दोन अर्थ रोज एस.टी. स्टँडवर भेटतात: एक, बस फलाटाला आली, दोन, घाटात मळमळून उलटी झाली. आंटीजींना हे समजावताना माझी दमछाक झाली, कारण त्या विचारत होत्या, "पर असली मतलब क्या है?" असली मतलब असा नसतोच. मोल्सवर्थसाहेबाने १८५७ च्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द घेतले; त्यात 'लागणें'ची नोंद उघडून बघा एकदा, साहेबाला किती घाम फुटला असेल ते कळेल.

आपण मराठीत 'लागणे' कधी अर्थांची यादी पाठ करून शिकलो का? नाही. भुकेबरोबर लागणे, ठेचेबरोबर लागणे, निकालाबरोबर लागणे असं जोडीने शिकलो. इंग्रजी शिकताना मात्र आपण वहीत एक उभी रेघ मारतो, डावीकडे शब्द, उजवीकडे एक अर्थ. आमच्या पिढीचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं ते असंच. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून आहे, पण वहीतली ती रेघ काही हलली नाही. चार्ज म्हणजे आकार, स्टूल म्हणजे घडवंची. आणि एकदा एका शब्दाला एक अर्थ मिळाला की मेंदू म्हणतो, झालं, हा शब्द मला येतो. सासूबाईंना डिस्चार्ज 'येत' होता.

त्यांनी आता वेगळी वही केली आहे. जुन्या डायरीची कोरी पानं, एका पानाला एक शब्द. मध्यभागी शब्द आणि भोवती त्याचे शेजारी. 'ड्रिप'च्या भोवती: नळ, सलाईन, ठिबक सिंचन. 'प्लॉट'च्या भोवती: बिल्डर, सिनेमा, कट. कट लिहिल्यावर त्यांनीच कंसात लिहिलं, 'मराठी कट, कैचीचा नव्हे.' शब्द अडला की त्या आधी विचारतात, शेजारी कोण आहे? बँकेशेजारी नदी असेल तर काठ, चेकबुक असेल तर पैसे. तरुण वाचकांना एक सांगते, फोनवर भाषांतर बघताना एकटा शब्द टाकू नका, अख्खं वाक्य टाका. एकट्या शब्दाला यंत्र सगळ्यात वापरातला अर्थ चिकटवून मोकळं होतं. आणि शब्दकोशात पहिला अर्थ वाचून पान मिटू नका. दोन, तीन, चार आकडे असतात ते रिकाम्या जागा भरायला नसतात.

दवाखान्यापुरतं मात्र एकच करा, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. समोरच्याने विचारलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. "म्हणजे जखमेतून पाणी येतंय का, असं विचारताय ना?" इंग्रजीत याला 'टीच बॅक' म्हणतात आणि परदेशांत डॉक्टर-नर्सना हे शिकवतात, की पेशंटला समजलं का असं विचारू नका, काय समजलं ते सांगायला लावा. 'समजलं का?' ला आपण सगळे 'हो' म्हणतो. मीही म्हणते, बँकेत, विम्याच्या ऑफिसात, मोबाइलच्या दुकानात.

गेल्या सोमवारी शेवटच्या तपासणीसाठी त्याच सिस्टरांचा फोन आला. या वेळी मी मटार बाजूला ठेवले. "माताजी, कोई डिस्चार्ज?"

सासूबाई म्हणाल्या, "कौनसा वाला?"

पलीकडे क्षणभर शांतता, मग दोघीही हसायला लागल्या. सिस्टर म्हणाल्या, आता मी सगळ्यांनाच 'पस' म्हणून विचारते. सासूबाईंनी फोन ठेवल्या ठेवल्या वही उघडली. "पस म्हणजे पू ना? मग ते 'पुश' दारावर लिहिलेलं असतं ते कोण?"

ते पुढच्या वेळी, स्वयंपाकघराबरोबर. तोवर तुमच्यासाठी तीन शब्द: 'मॅच', 'स्प्रिंग' आणि 'पास'. प्रत्येकाचे तुम्ही मराठी बोलताना वापरता ते अर्थ आधी लिहा, मग शब्दकोश उघडा. आणि तुमच्या घरात एखाद्या शब्दाने असाच घोळ घातला असेल, तर नक्की कळवा. सासूबाईंच्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.